एकच ठेवा, वहिनी

९ फेब्रुवारी

त्या सकाळी मी आधी आईंच्या उशीचा अभ्रा बदलला. मग कोमट पाण्यात फडकं पिळून त्यांचं तोंड, मान, हात पुसले. नखं वाढली होती, ती कापली. औषधाचं भांडं विसळलं. चहा ठेवला, तो उतू गेला, ओटा पुसला. तुम्ही बाहेरच्या खोलीतून ओरडत होतात, "वहिनी, आईला निळी शाल घाला! पांढरी नको, फोटोत नुसती चकाकते!" निळी शाल दोरीवर होती, दमट. मी ती इस्त्रीने वाळवली आणि आईंच्या खांद्यावर घातली. ऊब लागली तसे त्यांनी डोळे मिटले.

भाऊजी, त्या सकाळी तुम्हीही घरात होतात. तरी त्या सकाळचं तुम्हाला काहीच माहीत नाही. आज एवढंच लिहिते.

वर नमस्कार लिहिलेला नाही. तो राहून गेलेला नाही, मी लिहिलेला नाही.

मागच्या महिन्यात तुमचे दादा गेले. फोटोग्राफर संघटनेने हॉल घेतला, खुर्च्या मांडल्या, मला पुढच्या रांगेत बसवलं. आम्हाला मूलबाळ नाही, माझ्याकडचं असं कोणी नव्हतं, म्हणून स्टुडिओशेजारचे टेलर माझ्या बाजूला बसले. एकेकजण उठून चांगलं बोलला. मग तुम्ही माइक घेतलात. आई गेल्यापासून आमच्या उंबरठ्याला तुमचा पाय लागला नव्हता, पण माइक बरोबर सापडला.

काय म्हणालात ते तुम्ही विसरला असाल, मी नाही. "दादा शेवटी जरा विसराळू झाला होता हां. आमच्या आईचा शेवटचा फोटो त्याने कशाने काढला सांगू? रिकाम्याने, बिनरोलच्या कॅमेऱ्याने! रिकाम्याचं बटण दाबलं, 'झालं' म्हणाला, आणि खरा कॅमेरा आपला स्टँडवर तसाच!"

आणि लोक हसले. शोकसभेत. तोंडावर हात ठेवून हसले, पण हसले. टेलर माझ्या कानाशी म्हणाले, "वहिनी, उठायचं का?"

मी म्हटलं, "बसा. शेवटपर्यंत ऐकू दे."

फोटोग्राफरला दारुड्या म्हणा, उधळ्या म्हणा, तो हसून सोडून देईल. पण बटण दाबायला विसरला म्हणा, मग त्याला लग्नाचं काम कोण देईल? लग्न पुन्हा लागत नाही. आई गेल्यावर तुम्ही हेच आधी दोस्तांत सांगितलंत, मग धंद्यातल्या सगळ्यांना. एका वर्षात यांच्याकडे फक्त पासपोर्टचे फोटो राहिले. तेव्हा तुम्ही रागाने सांगत होतात. आता गंमत म्हणून सांगता. त्यातलं जास्त वाईट कोणतं, मला ठरवता येत नाही.

बरं, शोकसभा झाली. आठ दिवसांनी तुमचा निरोप आला. तो मी इतक्यांदा वाचलाय की पाठ झालाय. "वहिनी, महिनाअखेर स्टुडिओची जागा मालकाला परत द्यायचीच आहे, तर कॅमेऱ्यांचं बघू. बाबांचे कॅमेरे आम्हा दोघा भावांचे. दादा होता तोवर मी शब्द काढला नाही. आता माझ्या कॉफीच्या नव्या दुकानात एक आख्खी भिंत त्यांच्यासाठी ठेवली आहे. त्यातला तुमच्या आवडीचा एक तुम्ही ठेवून घ्या. एकच ठेवा, वहिनी, नाहीतर भिंत भरणार नाही." आणि पुढे एक हसरा चेहरा.

तो हसरा चेहरा कशासाठी होता, भाऊजी?

दुसऱ्या दिवशी जाऊबाईंचा फोन. बिचारीच्या मनात काही नव्हतं. "ताई, इतकी मस्त कार्डं छापलीत ह्यांनी! प्रत्येक कॅमेऱ्याखाली एकेक गंमत." मी विचारलं, रिकाम्याखाली काय आहे? तिने हौसेने वाचून दाखवलं. "रिकामा. यात कधीच रोल नसे. आमचा दादा हे एकदाच विसरला, म्हणून आमच्याकडे आईचा शेवटचा फोटो नाही." मग म्हणाली, "ताई? ताई, आहात ना?"

आहे.

मी सातवीत शाळा सोडली. पुढचं जे काही वाचलं ते गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळात, स्टुडिओच्या बाकावर बसून. तुम्ही हसायचात, "वहिनी, आता वकिली करणार का?" इतकं वाचूनही एक खोड गेली नाही. छापलेलं दिसलं की मला ते खरं वाटतं. सगळ्यांनाच वाटत असणार. तोंडचं बोलणं लोक विसरतात. कार्ड भिंतीवर राहतं.

ते कार्ड काढा.

वहिनी


१५ फेब्रुवारी

भाऊजी,

तुमचं उत्तर मिळालं. "मनावर घेऊ नका. लोकांना गोष्ट लागते. दादालाही विनोद आवडायचाच की."

आवडायचा. पण तो दुसऱ्याला हसवण्यापुरता, कुणाला उघडं पाडण्यापुरता नव्हे. आणि गोष्टच सांगायची तर नीट सांगा. तुमच्या कार्डावर रिकाम्याचं काम काय होतं तेच छापलेलं नाही. वाचणाऱ्याला वाटेल, आमच्या घरात एक मोडका कॅमेरा होता आणि एक वेडा माणूस त्याने फोटो काढायचा.

रिकामा ही तुमच्या वडिलांची युक्ती. फोटोला बसलेला माणूस ताठ होतो. मान आखडते, डोळे मोठे होतात, ओठ शिवल्यासारखे. अशा वेळी खरा कॅमेरा स्टँडवर रोखून ठेवायचा, त्याचं बटण दाबणारी केबल डाव्या मुठीत धरायची, आणि उजव्या हाताने बिनरोलचा कॅमेरा डोळ्याला लावून खटकन वाजवायचा. "झालं!" म्हणायचं. झालं म्हटलं की माणूस सुटतो. श्वास सोडतो, खांदे खाली येतात, चेहरा त्याचा स्वतःचा होतो. त्याच क्षणी डाव्या अंगठ्याने केबल दाबायची. खरा फोटो तो. गिऱ्हाइकाला पत्ताही लागत नसे. तुम्ही लहानपणापासून हे बघत आलात. पांढरा बोर्ड धरून उजेड टाकायचं काम तुमचंच असायचं.

एवढं कार्डावर लिहिलं असतंत तर तुमच्या वडिलांचं नाव तरी झालं असतं.

काल कपाटं उघडली. सगळे कॅमेरे काउंटरवर मांडले, मऊ कुंचल्याने धूळ काढली, पट्टे पुसले. भात्याच्या कॅमेऱ्याचा भाता कोपऱ्यात फाटलाय, यांनी आतून काळी पट्टी चिकटवली होती, ती अजून धरून आहे. डब्यासारखा चौकोनी, ज्याला तुम्ही लहानपणी बिस्किटाचा डबा म्हणायचात. लग्नांचा जड कॅमेरा, याच्या पट्ट्याने यांच्या मानेवर कायमचा वळ पडला होता. टेलर चहा घेऊन आले, दारातच थांबले. म्हणाले, "काय वहिनी, स्वयंवर मांडलंय का?"

"मांडावं लागलंय."

"मग माळ कुणाला?"

मी बोट दाखवलं. तुम्हाला वाटेल रिकाम्याकडे. नाही. दोन डोळ्यांच्या कॅमेऱ्याकडे.

हे तुम्हाला कधी सांगायची वेळ आली नाही. बाकीचे कॅमेरे डोळ्याला लावून बघायचे. याला पुढे एकावर एक दोन भिंगं, हा पोटाशी धरायचा आणि वरून खाली त्याच्या काचेत बघायचं. वाकून. लग्न होऊन आले तेव्हा मला फोटोतलं ओ की ठो कळत नव्हतं. यांनी पहिल्याच आठवड्यात हा माझ्या हातात दिला, रोल न घालता. "बघ नुसतं," म्हणाले. काचेत रस्ता दिसत होता, उलट्या बाजूचा. डावीकडून येणारी सायकल उजवीकडून यायची. मी कितीतरी वेळ बघत बसले. हे मागे उभे होते. पुढे इतकी वर्षं दुपारचं गिऱ्हाईक नसलं की मी तो मांडीवर घेऊन दारात बसायचे. पुस्तकाचा कंटाळा आला की तो, त्याचा कंटाळा आला की पुस्तक. मी त्याने फोटो कधी काढला नाही. रोल महाग, आणि धंदा यांचा. पण बघून बघून तो माझा झाला. त्याच्या काचेत आत बुरशी धरलीय, भिंतीवर टांगायलाही तो फार देखणा नाही.

टेलर म्हणाले, "मग झालं तर. हा घ्या नि मोकळ्या व्हा."

कशी मोकळी होऊ? मी दोन डोळ्यांचा घेतला की रिकामा तुमच्या भिंतीवर जाणार. खाली ते कार्ड. समोर बसून लोक कॉफी पिणार, वाचणार, हसणार. शहरातले सगळे फोटोग्राफर तुमच्याकडे येणार, तुम्ही त्यांना आमंत्रणं दिली आहेत. रिकामा तुमच्या हाती पडू द्यायचा नसेल तर मला रिकामा घ्यावा लागतो. मग दोन डोळ्यांचा जातो.

"आवडीचा एक ठेवा" म्हणालात. माझी आवड तुम्ही आधीच खर्च करून टाकलीत, भाऊजी. आता काय निवडू?

मला दोन द्या. आयुष्यात तुमच्याकडे काही मागितलं नाही. जाऊबाईंच्या दोन्ही बाळंतपणांना त्यांच्यापाशी मी होते, तेव्हाही काही घेतलं नाही. दोन जुने कॅमेरे मागते. ज्याला बुरशी लागलीय तो, आणि ज्याने आयुष्यात एक फोटो काढला नाही तो.

वहिनी


१८ फेब्रुवारी

"दोन नकोत ना वहिनी, मग बाकीचे पण मागतील." बाकीचे कोण? "रिकामा तर भिंतीचा जीव आहे."

बरं.

मी रिकामा ठेवते. तुमच्या शब्दाप्रमाणे एक. आजच त्याला स्टुडिओतल्या कपाटात कुलूप लावून ठेवलं. दोन डोळ्यांचा परत काउंटरवर ठेवला. त्याच्याकडे पाठ करून बाकीचं आवरते आहे. गाडी पाठवाल तेव्हा आधी कळवा, मी त्या वेळी तिथे नसेन.

तुमच्या भिंतीला शुभेच्छा देत नाही.


२१ फेब्रुवारी

भाऊजी,

मी गप्प बसणार होते. रिकामा कुलपात, कार्डाला कॅमेरा नाही, संपलं, असं धरून चालले होते. काल तुमचा निरोप आला. "ठेवा रिकामा, काही हरकत नाही. हिने मागे त्याचा फोटो काढला होता, तोच मोठा करून फ्रेममध्ये लावतो. कार्ड तेच राहील."

टेलरना दाखवला. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला. म्हणाले, "म्हणजे वहिनी, कॅमेरा तुमच्याकडे आणि गोष्ट त्यांच्याकडे. तुम्ही नुसतं लोखंड ठेवलंत."

बरोबर बोलले. म्हणून आता गोष्ट घ्या. ही मी कुणालाही सांगणार नाही असा शब्द तुमच्या दादांना दिला होता. त्यांनी आईंना दिला होता. तो मी आज मोडते आणि मला त्याचं वाईट वाटत नाही.

त्या सकाळी निळी शाल घालून झाल्यावर आईंनी माझ्याकडे आरसा मागितला. मी म्हटलं, कशाला? म्हणाल्या, दे. दिला. त्यांनी बघितलं. गाल आत गेलेले, एक पापणी खाली ओघळलेली, केस विरळ. बराच वेळ बघितलं आणि आरसा चादरीवर पालथा ठेवला.

म्हणाल्या, "हे तोंड भिंतीवर राहणार का गं?"

मी खांद्यावरची शाल नीट केली.

"धाकट्याला नाही म्हणवत नाही मला. एवढा लांबून आलाय, काल रात्रीपासून आई फोटो, आई फोटो करतोय. पण मला असं ठेवू नका. तू मोठ्याला सांग. आणि धाकट्याला कळता कामा नये. त्याला लागेल."

तुम्ही बाहेर स्टँड कुठे ठेवायचा ते दादांना शिकवत होतात. मी यांना आत बोलावलं, कप विसळता विसळता सांगितलं. यांनी एक प्रश्न विचारला नाही. म्हणाले, "बघतो."

पुढे तुम्ही खोलीत होतात. खिडकीपाशी पांढरा बोर्ड धरून उभे. स्टँडवर कॅमेरा होता, त्यात रोल होता, यांनी माझ्यासमोर घातला होता. केबल डाव्या मुठीत. यांनी रिकामा उचलला. "आई, इकडे. हं." खटकन वाजला. "झालं!"

आई फोटोग्राफरची बायको, फोटोग्राफरची आई. त्यांना युक्ती ठाऊक होती. त्यांनी कॅमेऱ्याकडे बघितलंच नाही. त्या यांच्या डाव्या हाताकडे बघत होत्या. मीही बघत होते. अंगठा केबलवर होता. तो खाली गेला नाही. आईंनी ते पाहिलं, आणि त्या हसल्या.

भाऊजी, तुम्ही बोर्ड सरळ करत होतात, तुम्हाला ते हसू दिसलं नाही. आजारपणात सगळे महिने मी त्यांच्यापाशी होते, मलाही तसं दिसलं नव्हतं. पापणी तशीच ओघळलेली, गाल तसेच, आणि तरी सगळा चेहरा त्यांचा. यांनी आयुष्यात माणसांचे एवढे चेहरे काढले, असा एकही मिळाला नसेल. समोर होता. काच रोखलेली, रोल घातलेला, अंगठा केबलवर. नुसता अंगठा खाली न्यायचा होता. आईंनाही कळलं नसतं, कारण तोवर त्यांनी डोळे मिटले होते.

नेला नाही.

याला तुम्ही विसरणं म्हणता. हे तुम्ही माइकवर सांगितलंत.

नंतर हे घरामागच्या डार्करूममध्ये गेले, दार लावलं. मला वाटलं रडत असतील. थोड्या वेळाने दार ढकललं, तर कोरडे ट्रे धूत होते.

आई गेल्यावर तुम्ही रोल धुवायला लावलात. त्यात आईंचा फोटोच नाही. तुम्ही काय काय बोललात ते लिहीत नाही, तुम्हाला आठवेल. यांनी एवढंच म्हटलं, "राहून गेलं रे." तीन शब्द. तुम्ही बॅग उचलून निघून गेलात, आणि ते तीन शब्द शहरभर वाटलेत.

मी यांना किती वेळा म्हटलं, सांगा त्याला. धंदा बुडतोय, सांगा. म्हणायचे, "आईला त्याच्यासमोर स्वतःची लाज वाटली हे त्याला सांगू? त्यापेक्षा मी विसरलो हे बरं." मला यांचाही राग आहे. खूप आहे. माणसाने चांगलं असावं, पण स्वतःच्या बायकोला सोबत ओढून इतकं चांगलं असू नये. हॉलमध्ये लोक हसले तेव्हा हे फोटोत होते, खुर्चीत मी होते.

आता तुम्हाला कळलं. लागलं असेल तर लागू दे.


२ मार्च

भाऊजी,

"पोचलो. वहिनी, तुम्ही कशा आहात? मी गेल्यावर काय केलंत?" असं विचारलंत. सांगते. पण आधी परवाचं जे झालं ते एकदा लिहून काढते, कारण तुम्ही ते जाऊबाईंना कसं सांगाल याचा मला भरवसा नाही.

तुम्ही गाडी पाठवणार होतात, स्वतः आलात. स्टुडिओच्या दारात उभे राहिलात, चपला काढायच्या की नाही तेच तुम्हाला सुचेना. केस पार पिकलेत तुमचे. हॉलमध्ये मी तुमच्याकडे पाहिलंच नव्हतं. मी पाणी दिलं. ते पाहुण्याला देतात म्हणून दिलं.

तुम्ही म्हणालात, "वहिनी, सगळे ठेवा. एकही नको मला."

मी म्हटलं, "दान नको. एक म्हणालात, एक घेईन."

"मग रिकामा मला द्या. भिंतीवर नाही लावत. घरी ठेवतो. आईची शेवटची..." आणि तुम्ही रडायला लागलात.

मला दया आली नाही, भाऊजी. खरं सांगते. मला वाटलं, बघा, आताही याला तो स्वतःसाठीच हवाय. आधी हसायला हवा होता, आता रडायला. मी म्हटलं, "घरी नाही. भिंतीवरच लावायचा. जे हसले ते तुमच्याकडेच येणार आहेत ना? मग त्यांना दिसेल असा लावायचा. कार्ड बदलायचं."

तुम्ही डोळे पुसले आणि म्हणालात, "आईला लाज वाटली होती हे लोकांना सांगू?"

दादांचाच प्रश्न, दादांचाच आवाज. इतके दिवस मी रागाने पत्रं लिहिली, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. यांच्या नावावरचा डाग पुसून काढायचा तर आईंचा आरसा लोकांसमोर उघडा पडतो. ज्यासाठी यांनी सगळं सोसलं तेच मी मोडणार. मी स्टुलावर बसले. तुम्ही उभेच होतात. शेजारी टेलरचं मशीन चालू होतं, ते मध्येच थांबलं. ऐकत होते, त्यांना कुठे लपवता येतं.

मग मी म्हटलं, "लिहा." तुम्ही खिशात पेन शोधलंत. पासपोर्ट फोटोंचं एक पाकीट होतं, त्याच्या मागे लिहिलंत. पहिल्यांदा लिहिलंत, "या कॅमेऱ्याने दादाने आईचा फोटो काढायचं टाळलं." मी म्हटलं, "टाळलं नको. पळ काढल्यासारखं वाटतं." मग लिहिलंत, "दादाने आईचा शेवटचा फोटो काढला नाही. तो विसरला नव्हता. आम्ही चुकीचं बोललो." मी म्हटलं, "आम्ही कोण?" तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. "आम्ही" खोडलंत, "मी" लिहिलंत, "बोललो" तसंच ठेवलंत. का काढला नाही ते त्यात नाही. ते कुणी विचारलं तर सांगायचं, घरातलं आहे.

तुम्हाला वाटलं झालं. मी म्हटलं, "आता संघटनेच्या सेक्रेटरींना फोन लावा. स्पीकरवर."

"आत्ता?"

"हॉलमध्ये माइकवर बोललात ना? मग स्पीकरवर बोलायला काय होतंय?"

लावलात. बोललात. दादा विसरला नव्हता, मी त्या दिवशी खोटं बोललो, मला माहीत नव्हतं पण खोटंच ते, पुढच्या बैठकीत मला दोन मिनिटं द्या. तिकडून सेक्रेटरी म्हणाले, "अहो जाऊ द्या हो, गेलेल्या माणसाचं आता काय उकरता? आणि ते हसणं काय, सहज होतं."

तेव्हा मी फोनकडे वाकून म्हटलं, "सहज हसलात तसं सहज ऐकून घ्या."

पलीकडे खुर्ची करकरली. मग, "बरं, वहिनी." मी तिथे आहे हे त्यांना तोवर ठाऊक नव्हतं. शेजारून टेलर मोठ्याने खोकले. तो खोकला नव्हता, हसणं होतं, हे तुम्हालाही कळलं असेल.

मी कपाटाचं कुलूप काढलं आणि रिकामा तुमच्या हातात दिला. तुम्ही तो दोन्ही हातांत धरलात. बोट आपोआप बटणावर गेलं, पण दाबलं नाहीत. एवढं तुमचं बरं वाटलं मला.

मग तुम्ही बाकीचे कॅमेरे एकेक करून कपड्यात गुंडाळून खोक्यात भरलेत. भात्याचा, डब्याचा, लग्नांचा. मी मदत केली नाही. काउंटरवर दोन डोळ्यांचा राहिला. तुम्ही म्हणालात, "खरंच हाच? वहिनी, याच्या काचेला बुरशी आहे. लग्नांचा घ्या, दादाच्या गळ्यात असायचा. आठवण राहील."

आठवण! भाऊजी, यांच्या मानेवरचा वळ मी रोज रात्री तेल लावून चोळला आहे. मला आठवणीसाठी पट्टा नको. लोक एका बाईला तिचा आवडता कॅमेरा विचारतात आणि तिने नवऱ्याचा सांगावा अशी वाट बघतात. मला हा आवडतो, कारण यातून मला दिसतं. दुसरं कारण नाही.

"हाच," म्हटलं. तुम्ही मान हलवलीत. जाताना वाकलात, मी पाय मागे घेतले. ते चुकून नव्हतं. मी तुम्हाला माफ केलं असं जाऊबाईंना सांगू नका. तुम्ही बैठकीत बोला, मग बघू. टेलरना मी तिथे बसायला पाठवणार आहे. ते जसंच्या तसं येऊन सांगतात, नक्कल करून.

तुम्ही गेल्यावर यांचा फार राग आला आणि मग यांची फार आठवण आली. दोन्ही एकाच वेळी येतं, याची मला आता सवय झाली आहे.

दुसऱ्या दिवशी मी जागेची चावी मालकाच्या हातात दिली. दोन डोळ्यांचा गळ्यात अडकवला, बस पकडून ज्या एका दुकानात अजून रोल मिळतो तिथे गेले, एक घेतला, त्यांच्याच काउंटरवर उभी राहून कॅमेऱ्यात घातला आणि दिवस मावळायच्या आत सगळा काढून संपवला.